ठिपक्यांचा तिरका देवनागरी फॉन्ट : आधी शिरोरेषा, मग अक्षर

लातूरला लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्या एका डीटीपी व्यावसायिकाचा प्रश्न आहे. त्यांनी एक ठळक देवनागरी फॉन्ट इलस्ट्रेटरमध्ये घेतला, अक्षरांचे आउटलाइन केले, त्यांना ठिपक्यांचा स्ट्रोक दिला, सगळं १२ अंशांनी तिरकं केलं आणि त्याचा फॉन्ट बनवला. आता ठिपके गोल न दिसता लंबगोल दिसतात. दोन अक्षरं जुळतात तिथे शिरोरेषेवर कधी ठिपक्यावर ठिपका चढतो, कधी फट पडते. छापल्यावर अनुस्वार सापडत नाही. हे नीट कसं करायचं, आणि असा फॉन्ट कुठे वापरावा, कुठे नाही?

हे तिन्ही दोष कामाचा क्रम चुकल्यामुळे आले आहेत. तुम्ही अक्षर आधी घेतलं, ठिपके नंतर दिले, तिरकेपणा त्याच्याही नंतर आणि शिरोरेषेचा विचार झालाच नाही. ठिपक्यांच्या देवनागरीत तो सगळ्यात आधी करावा लागतो. मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर शिरोरेषा आखून घ्यायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहायचे. इथेही तीच शिस्त पाळायची आहे.

रोमनमध्ये इटालिक ही स्वतंत्र लेखनशैली आहे. व्हेनिसमध्ये आल्डस मानुटियससाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने १५०० च्या सुमारास ती खिळ्यांत कोरली आणि १५०१ पासून आल्डसने अख्खी पुस्तकं त्यात छापली. तिथे तिरक्या अक्षरांची घडणही सरळ अक्षरांपेक्षा वेगळी असते. देवनागरीला तसा वारसा नाही. आपल्याकडे तिरकं अक्षर म्हणजे सरळ अक्षराचा कललेला अवतार, त्यामुळे तो किती आणि कुठून कलवायचा हे पूर्णपणे करणाऱ्याच्या हातात राहतं. रोमन अक्षर तळरेषेवर उभं असतं, आपलं शिरोरेषेला टांगलेलं असतं. म्हणून कलवतानाही शिरोरेषा जागची हलू द्यायची नाही आणि खालचा भाग डावीकडे न्यायचा. बहुतेक सॉफ्टवेअर तळरेषा धरून कलवतात, आणि मग शिरोरेषा अक्षराच्या हद्दीतून उजवीकडे सरकते.

आता मापं. फॉन्टचं अक्षर ज्या चौकात बसवतात तो १००० एककांचा धरा. ठिपक्याच्या केंद्रापासून पुढच्या ठिपक्याच्या केंद्रापर्यंतचं अंतर ६० एकक ठेवा. याला आपण एक घर म्हणू. ठिपक्याचा व्यास ४२, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये १८ एककांची मोकळी जागा राहते. ६० हा आकडा सोयीचा आहे, कारण त्याचा निम्मा ३० हाही पूर्णांक आहे आणि शिरोरेषेवर अपूर्णांक एकदा शिरला की त्याचा पाठपुरावा संपत नाही.

नियम असा : प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण घरांतच असायची. शिरोरेषेचा पहिला ठिपका डाव्या हद्दीपासून ३० एककांवर आणि शेवटचा उजव्या हद्दीच्या ३० एकक अलीकडे. मग कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी आलं तरी ३० अधिक ३०, बरोबर एक घर. उदाहरणार्थ त ९ घरं म्हणजे ५४०, ल ११ घरं, र ७ घरं आणि काना ४ घरं. ‘लातूर’ लिहिलं की शिरोरेषेवर ११, ४, ९ आणि ७ असे एकूण ३१ ठिपके पडतात. रुंदी १८६० एकक, म्हणजे ७२ पॉइंटला साधारण ४७ मिमी. काना ल आणि त यांच्या मध्ये आहे हे शिरोरेषेवर बोट फिरवून कळता कामा नये.

तुमच्या फॉन्टमध्ये ठिपक्यावर ठिपका का चढला, याचं कारणही इथेच आहे. भरीव फॉन्टमध्ये शिरोरेषा अक्षराच्या हद्दीबाहेर मुद्दाम थोडी वाढवतात, म्हणजे जोडावर केसाएवढी फट दिसत नाही. भरीव रेषेत ही वाढ झाकली जाते. ठिपक्यांत तीच वाढ पुढच्या अक्षराच्या पहिल्या ठिपक्यावर जाऊन बसते.

याच नियमातून आणखी दोन बंधनं येतात. कर्निंग (ठरावीक दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करणं) द्यायचंच असेल तर पूर्ण घरानेच द्या, आणि माझा सल्ला विचाराल तर देऊच नका. ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर) शून्य ठेवा. कोरलमध्ये शेप टूलने अक्षरं ओढून ओळ भरायची सवय असते, ती या फॉन्टपुरती सोडावी लागेल. शब्दांमधली जागा मात्र कमीजास्त झाली तरी चालते, कारण तिथे शिरोरेषा तुटलेलीच असते.

उभ्या दंडाचं गणितही शिरोरेषेवरूनच सुरू होतं. दंडाचा वरचा ठिपका हा शिरोरेषेचाच एक ठिपका असला पाहिजे. त च्या ९ घरांत आठवा ठिपका, म्हणजे ४५० वरचा, दंडाचा धरा. उजवीकडे एक उरतो. काना ४ घरांचा आहे, त्यात तिसरा ठिपका, १५० वरचा. आता १० अंशांच्या कलात दंडावरून ६० एकक खाली जाताना उंचीत ५९.१ एकक उतरतात आणि १०.४ एकक डावीकडे सरकतात. अशी ११ घरं उतरलात की ६५० एकक होतात. म्हणून शिरोरेषेच्या ठिपक्यांची केंद्रं ६५० उंचीवर आणि दंडाच्या तळाच्या ठिपक्याचं केंद्र शून्यावर ठेवा. दंडात बरोबर १२ ठिपके बसतील आणि तळाचा ठिपका वरच्यापेक्षा ११५ एकक डावीकडे असेल. उंची आधी ठरवून मग ठिपके कोंबायला गेलात तर दर दंडात एक अर्धवट घर उरतं.

किती कलवावं? ८ ते १० अंश पुरे. १२ च्या पुढे वेलांटीची कमान आणि रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतात, आणि जोडाक्षरांतले कोन इतके अरुंद होतात की ठिपके एकमेकांत मिसळतात.

आता लंबगोल ठिपक्यांबद्दल. तयार ठिपके कलवले की वर्तुळाचं लंबवर्तुळ होणारच. १० अंशांना त्याचा लांब अक्ष आखूड अक्षापेक्षा सुमारे १९ टक्के मोठा होतो, १२ अंशांना जवळजवळ २४ टक्के. एवढा फरक डोळ्याला लगेच कळतो. दुसरा परिणाम मात्र पटकन लक्षात येत नाही. कलवल्यावर ठिपक्यांमधली अंतरंही दिशेनुसार बदलतात. उजवीकडे वर चढणारी ४५ अंशांची रेषा १० अंशांच्या कलात ९ टक्क्यांनी लांबते, तर डावीकडे वर चढणारी ८ टक्क्यांनी आखडते. म्हणून ष च्या पोटातली तिरपी रेघ गच्च दिसते आणि उलट दिशेच्या रेघा विरळ. उपाय एकच : आधी सांगाडा कलवायचा, ठिपके नंतर ठेवायचे.

सांगाडा म्हणजे एकेरी मध्यरेषा. ठळक फॉन्टच्या बाह्यरेषेला ठिपके दिले की ठिपक्यांच्या दोन समांतर रांगा मिळतात. तो वेगळा प्रकार आहे, आणि ७२ पॉइंटच्या खाली तो वाचताच येत नाही. तुम्हाला हवा आहे तो फॉन्ट मध्यरेषेवरच्या एका रांगेचा आहे. त्यामुळे अक्षरं नव्याने एकेरी पाथने काढावी लागतील, दुसरा मार्ग नाही.

काम या क्रमाने करा. आधी सरळ सांगाडा काढा, शिरोरेषा वेगळ्या पाथवर ठेवा. मग शिरोरेषा धरून कलवा. गणितात सांगायचं तर नवा क्ष = जुना क्ष + ०.१७६ × (य − ६५०). फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफॉर्मच्या खिडकीत उगम म्हणून ‘लास्ट प्रेस’ निवडता येतं. आधी शिरोरेषेवर क्लिक करा आणि मग स्क्यू, म्हणजे कल, द्या. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही तिथे अख्खं अक्षर ६५० खाली उतरवा, कलवा, पुन्हा ६५० वर न्या. परिणाम तोच येतो. कलवल्यावर व, ब, क यांची पोटं एका कोपऱ्याकडे ओढल्यासारखी दिसतात. नोड हलवून ती पुन्हा गोलाईत आणा. ही दुरुस्ती टाळली की अख्खा फॉन्ट स्वस्त दिसतो, मग ठिपके कितीही नेटके असोत.

त्यानंतर ठिपके. झटपट नमुना पाहायचा असेल तर इलस्ट्रेटरमध्ये स्ट्रोक ४२, डॅश ०, गॅप ६०, गोल टोक, आणि डॅश कोपऱ्यांना व पाथच्या टोकांना जुळवण्याचा पर्याय चालू. इंकस्केपमध्ये डॅशचं माप स्ट्रोकच्या जाडीच्या पटीत असतं, म्हणून तिथे ० आणि १.४३. पण हे नमुन्यापुरतंच. अंतिम फॉन्टमध्ये एकच ठिपका स्वतंत्र ग्लिफ (फॉन्टमधला एक सुटा आकार) म्हणून बनवा आणि प्रत्येक अक्षरात त्याचा संदर्भ, म्हणजे कंपोनंट वापरा. फॉन्टफोर्जमध्ये याला रेफरन्स म्हणतात. क मध्ये पंचेचाळीसच्या आसपास ठिपके येतात. जोडाक्षरांसकट पाचेकशे ग्लिफ धरले तर वीस हजार ठिपके होतात. उद्या व्यास ४२ चा ३८ करावासा वाटला तर एक ग्लिफ बदलून काम व्हायला हवं. आणि तो बदल तुम्हाला करावा लागणारच आहे, छपाईच्या भागात सांगतो.

ठिपके ठेवताना आधी सांधे धरा : दंड आणि शिरोरेषा, पोट आणि दंड, गाठ आणि रेघ. प्रत्येक सांध्यावर एक ठिपका पक्का, मग दोन सांध्यांमधली लांबी मोजा, तिला ६० ने भागा आणि जवळच्या पूर्णांकाएवढी समान घरं करा. शिरोरेषेवर ६० म्हणजे ६० च. इतरत्र ५५ ते ६५ पर्यंत चालतं, त्यापलीकडे गेलं तर ठिपके ताणू नका, सांगाड्याची लांबी बदला.

एका ठिपक्यातून दोन रेघा फुटतात आणि त्यांच्यातला कोन ४७ अंशांपेक्षा लहान असतो, तिथे दोन्हींचे पहिले ठिपके एकमेकांच्या ६ एककांहून जवळ येतात. ४१ अंशांच्या आसपास ते चिकटतातच. अशा ठिकाणी दुय्यम रेघेचा पहिला ठिपका गाळा. डोळा तो आपोआप भरून घेतो.

गाठींना वेगळा नियम आहे. सहा ठिपक्यांचं कडं केलं तर मधे ७८ एककांची मोकळी जागा राहते, पाचांचं केलं तर ६०. चारांचं केलं तर जेमतेम ४३, म्हणजे ठिपक्याएवढीच, आणि छापल्यावर तो डाग होतो. भ, ध, थ यांच्या गाठी पाच ठिपक्यांच्या करा किंवा सरळ एका मोठ्या भरीव ठिपक्याने दाखवा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. त्याने अक्षराला वजन येतं आणि बोरूच्या टेकलेल्या टोकाची आठवण राहते.

ध आणि भ यांच्याबाबत आणखी एक गोष्ट. या अक्षरांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, आणि घ-ध, म-भ ओळखायला ही तूट फार महत्त्वाची आहे. ठिपक्यांच्या रेषेत एकच ठिपका गाळला तर तो छपाईत उडालेला ठिपका वाटतो. किमान दोन, शक्यतो तीन ठिपके गाळा. नाहीतर धाराशिवचं घाराशिव आणि भोकरदनचं मोकरदन वाचलं जाईल. रुंदी मात्र पूर्ण घरांतच ठेवा, फक्त ठिपके कमी करा. ख मध्येही असाच धोका आहे. र आणि व यांचा तळाचा सांधा दोघांचा मिळून एकच ठिपका असावा, नाहीतर ‘खुलताबाद’ मधला ख फुटतो.

आता अनुस्वार. अख्खं अक्षरच ठिपक्यांचं आहे, तिथे ठिपका हेच ज्याचं रूप ते चिन्ह हरवणारच. ठिपक्यांच्या रांगोळीत एक जादा ठिपका कुणाला दिसणार? अनुस्वाराचा व्यास ७८ च्या आसपास ठेवा, म्हणजे साध्या ठिपक्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याच्याभोवती किमान ३० एकक रिकामे सोडा. आकारही बदलता येतो. पैठणीच्या काठाशी जुळणारा चौकट-आकार पत्रिकेवर शोभतो, पण तो भरीव हवा. पोकळ कडं लहान आकारात बुजतं. पूर्णविरामालाही हेच लागू आहे. पत्रिकेत ‘चि.सौ.कां.’ येणारच, आणि तिथे तीन पूर्णविराम व एक अनुस्वार एकाच झटक्यात येतात. पूर्णविराम ६६ व्यासाचा करा आणि डाव्या-उजव्या ठिपक्यांपासून एक पूर्ण घर लांब ठेवा.

अनुस्वार इतर चिन्हांबरोबर येतो तेव्हा ‘मार्क’ अँकरवर (चिन्ह अक्षरावर आपोआप बसवणाऱ्या बिंदूवर) विसंबू नका. रफार आणि अनुस्वार (‘सर्वांना’), मात्रा आणि अनुस्वार, दोन मात्रा आणि अनुस्वार (‘औंढा’) यांचे एकसंध ग्लिफ बनवा, म्हणजे ठिपक्यांमधली अंतरं हाताने ठरवता येतात. शिरोरेषेच्या वरच्या चिन्हांना कल उजवीकडे ढकलतो. ६५० पासून ९०० पर्यंत जाताना ४४ एकक. त्यामुळे शब्दाच्या शेवटी मात्रा हद्दीबाहेर झुकते आणि काही सॉफ्टवेअर तिचा शेंडा कापतात. उंचीची मापं सढळ ठेवा, वर ९५० आणि खाली ४००, आणि फॉन्टमध्ये उंचीच्या hhea, typo आणि win अशा तीन नोंदी असतात, त्या तिन्हींत तीच भरा.

पहिली वेलांटी हा वेळखाऊ भाग आहे. तिची कमान पुढच्या व्यंजनाच्या दंडाशी संपायला हवी आणि व्यंजनांच्या रुंद्या वेगवेगळ्या. घरांची पद्धत इथे मदतीला येते. व्यंजनाच्या दंडाची जागा घरांतच असल्यामुळे एकेका घराने वाढणाऱ्या सहा-आठ वेलांट्या पुरतात, आणि फॉन्टच्या ‘प्रेस’ (pres) फीचरमधून, म्हणजे पुढचं अक्षर पाहून रूप बदलणाऱ्या नियमातून, त्या त्या व्यंजनाला योग्य ती लावता येते. ‘किनवट’, ‘हिंगोली’, ‘निलंगा’, ‘बिलोली’ ही चार नावं लिहून पाहा. कमान कुठे अधांतरी राहते ते कळेल. उकार तळाच्या ठिपक्याला लावताना अँकर ११५ एकक डावीकडे सरकवायला विसरू नका. रु आणि रू हे स्वतंत्र ग्लिफ करा, वेरूळ त्याशिवाय जमत नाही.

मराठी वळण सांभाळा : पाकळीचा ल, देठाचा श. हिंदी वळणंही ठेवायची असतील तर मराठी रूपं मूळ ठेवून हिंदीची ‘लोकल’ (locl) फीचरमध्ये, म्हणजे भाषेनुसार रूप बदलणाऱ्या नियमात, टाका. उलट करू नका, कारण अनेक सॉफ्टवेअरमध्ये भाषा निवडलेलीच नसते आणि मग मराठी पत्रिकेवर हिंदी ल उमटतो. ‘वऱ्हाडी’ मधला ऱ्ह लग्नपत्रिकेत हमखास लागतो. ॲ आणि ऑ हेही हवेत. रोमन लिपीचं फार मनावर घेऊ नका, मूळ अक्षरं आणि विरामचिन्हं पुरेत.

फाइल बनवताना कल −१० अशी नोंद करा (उजवीकडचा कल ऋण धरतात) आणि इटालिकच्या दोन्ही खुणा चालू ठेवा. त्या नसल्या तर वर्डमध्ये कुणी तिरक्याचं बटण दाबलं की अक्षर पुन्हा कलतं आणि इतक्या मेहनतीने गोल ठेवलेले ठिपके परत लंबगोल होतात. ऑटो-हिंटिंग बंद ठेवा. लहान आकारात ते प्रत्येक ठिपका जवळच्या पिक्सेलला ओढतं, त्यामुळे एक मोठा, एक लहान अशी रांग दिसते.

फॉन्ट युनिकोडमध्येच करा. मराठवाड्यातल्या बऱ्याच दुकानांत अजून जुनी कोरल आणि श्रीलिपीच्या जुन्या सांकेतिक पद्धतीचे फॉन्ट चालतात. कोरलच्या एक्स-६ आधीच्या आवृत्त्यांत युनिकोड जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. तिथे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप करून पीडीएफमधून कर्व्ह म्हणून आणणं सोपं. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्समधले इंडिक पर्याय चालू करा, नाहीतर वेलांटी व्यंजनानंतर उमटते आणि दोष फॉन्टला लागतो.

आता वापर. ७२ पॉइंटला ठिपका १.०७ मिमी आणि फट ०.४६ मिमी असते. ३६ ला त्याच्या निम्मं, २४ ला ठिपका ०.३६ आणि फट ०.१५. ऑफसेटवर गुळगुळीत कागद असेल तर २४ पॉइंट निभतं. स्क्रीन प्रिंटिंगला नाही. १२० धाग्यांच्या (दर सेंटिमीटरला) जाळीत धाग्यापासून धाग्यापर्यंतचं अंतर ०.०८३ मिमी असतं, आणि फट उघडी राहायला किमान तीन धाग्यांची जागा लागते, म्हणजे ०.२५ मिमी. त्यामुळे स्क्रीनला ४० पॉइंट ही खालची मर्यादा धरा. सोनेरी फॉइलमध्ये शेजारचे ठिपके एकमेकांना चिकटतात. त्यासाठी ३६ किंवा ३८ व्यासाची वेगळी फाइल ठेवा आणि ४८ पॉइंटच्या खाली जाऊ नका. खरबरीत हातकागदावर ठिपके तुटक उमटतात. तिथे हा फॉन्ट नकोच. गडद मरून किंवा काळ्या कागदावर फिकट ठिपके मुळापेक्षा मोठे दिसतात, तिथेही ३८ ची फाइल वापरा.

पत्रिकेत वधूवरांची नावं आणि ‘शुभविवाह’ एवढंच या फॉन्टमध्ये ठेवा. स्थळ, मुहूर्त, निमंत्रक आणि विशेषतः फोन नंबर साध्या सरळ फॉन्टमध्ये. ठिपक्यांचे ५ आणि ६, १ आणि ९ घाईत वाचणाऱ्याला वेगळे दिसत नाहीत, आणि पत्रिकेवरचा चुकलेला आकडा म्हणजे चुकलेला मुहूर्त. सोबतीला ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट चांगला शोभतो. त्याची रेषा शांत आहे, त्यामुळे ठिपक्यांच्या नावाशी तो भांडत नाही. मोबाइलवर पाठवायच्या पत्रिकेत ५६ पिक्सेलच्या खाली फट एका पिक्सेलपेक्षा कमी होते आणि नाव राखाडी पट्ट्यासारखं दिसतं. बालवाडीच्या गिरवण्याच्या पाटीसाठी मात्र हा फॉन्ट देऊ नका. मुलांना सरळ अक्षर आणि वळणाचा क्रम दाखवणारे ठिपके लागतात, इथे ते दोन्ही नाही.

पाट्यांसाठी : व्हिनाइल कापताना ५ मिमीच्या आतले ठिपके जादा व्हिनाइल सोलताना निघून येतात. ५ मिमीचा ठिपका म्हणजे दंडाची उंची सुमारे ७७ मिमी, त्यामुळे ८ सेंमीच्या आतल्या अक्षराला हा फॉन्ट कापू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो आणि दुपारी पाटीची एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेली) शीट हात लावू देत नाही. चिकटवायचं काम सकाळी उरका, नाहीतर ट्रान्सफर टेप ओढताना ठिपके तिच्याबरोबर सरकतात.

पिक्सेल एलईडीच्या पाटीला हा फॉन्ट फार चांगला बसतो, कारण ठिपक्याची जागा म्हणजेच भोकाची जागा. ३०० मिमी उंचीच्या दंडात एक घर २७.७ मिमीचं होतं, १२ मिमीच्या भोकांना पुरेसं. दोन भोकांत २० मिमीपेक्षा कमी अंतर ठेवू नका, म्हणजे २२ सेंमीपेक्षा लहान अक्षर घेऊ नका. अनुस्वाराच्या जागी एक भोक करून भागत नाही, तीन भोकांचा झुबका करा, नाहीतर रात्री ‘नांदेड’ चं ‘नादेड’ होतं. पाच व्होल्टचा रंगीत पिक्सेल पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो. २४० पिक्सेलच्या पाटीला १४.४ अँपिअर होतात, म्हणून २० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्या. दर ५० पिक्सेलनंतर वीज पुन्हा द्या, नाहीतर ओळीचं शेवटचं अक्षर पिवळट पडतं. एसएमपीएस बंद खोक्यात कोंबू नका, हवा खेळेल अशा जागी लावा.

राहिला परवाना. तुम्ही ज्या ठळक फॉन्टची अक्षरं घेतलीत तो विकतचा असेल तर त्याच्यावरून बनवलेला फॉन्ट वाटता किंवा विकता येत नाही, ठिपके दिले म्हणून तो तुमचा होत नाही. ओपन फॉन्ट परवान्याखालचा असेल तर बदल करायला मोकळीक आहे, पण नवा फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, तो नुसता सुटा विकता येत नाही, आणि मूळ फॉन्टचं राखीव नाव वापरता येत नाही. सांगाडा स्वतः काढलात तर हा प्रश्नच उरत नाही. तसं नसेल तर नाव बदला आणि परवान्याची मजकूर-फाइल फॉन्टसोबत त्याच फोल्डरमध्ये द्या.